सर्व्हर बदलल्यावर लॉगिन टिकत नाही? सेशन कुठे हरवतं ते शोधायची पद्धत

साइट नव्या सर्व्हरवर आली. पानं उघडतात, डेटाबेस जोडला गेलाय, फोटो दिसतायत. पण लॉगिन केलं की पुन्हा लॉगिनचंच पान समोर येतं, आणि पासवर्ड चुकल्याचा निरोपही नसतो. किंवा कार्टमध्ये टाकलेली वस्तू पुढच्या पानावर गायब होते. सेशन हरवल्याची ही लक्षणं. अशा वेळी नेटवर सापडेल ती सेटिंग बदलत सुटलं, की मूळ बिघाड राहतो बाजूला आणि वर आपले दोन नवे चढतात. धागा कुठे तुटलाय ते आधी बघायचं, पीएचपी.आयएनआयला (पीएचपीच्या सेटिंगांची फाइल) हात नंतर.

इथे नमुन्याला पीएचपीची साइट घेतली आहे. शेअर्ड होस्टिंगवरच्या अपाचेवरून ती उबुंटूच्या व्हीपीएसवर, एनजिनएक्स आणि पीएचपी-एफपीएमवर आणली आहे. अपाचे आणि एनजिनएक्स हे वेब सर्व्हर; व्हीपीएस म्हणजे भाड्याने घेतलेला आभासी सर्व्हर; एफपीएम म्हणजे एनजिनएक्ससाठी पीएचपी चालवणारा प्रोग्राम. लॅराव्हेल आणि जँगो ही फ्रेमवर्क वापरणाऱ्यांसाठी थोडं शेवटाकडे आहे. सेटिंगांची आणि फोल्डरांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. सर्व्हरवर ती रोमनमध्येच टाइप करायची.

सेशनचे तीन भाग

देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर आपण चपला देतो आणि नंबरचा बिल्ला घेतो. चपला खणात राहतात, आपल्या हातात फक्त नंबर. सेशनचं तसंच आहे. ब्राउझरकडे कुकीत एक लांबलचक नंबर असतो. पीएचपीत या कुकीचं नाव मुळात पीएचपीएसईएसएसआयडी असं असतं. लॉगिन कोणाचं, कार्टमध्ये काय, ही माहिती सर्व्हरवरच्या खणात असते. पीएचपीचा खण म्हणजे ‘सेस_’ या अक्षरांनी सुरू होणारी एक साधी फाइल. पुढची विनंती आली की नंबर वाचून फाइल उघडायची आणि आतला मजकूर उलगडून पुन्हा व्हेरिएबल तयार करायचे.

म्हणजे बिघडण्याच्या जागा तीन: बिल्ला परत येत नाही, खण उघडत नाही, किंवा खणातलं सामान ओळखू येत नाही. सर्व्हर हलवताना या तिन्ही जागा एकदम हलतात, म्हणून गोंधळ होतो.

पायरी १: जुना सर्व्हर बंद करण्याआधी

जुना सर्व्हर अजून चालू असेल तर तिथे पीएचपीइन्फोचं (पीएचपीच्या सगळ्या सेटिंगा दाखवणारं) पान उघडा आणि त्यातला ‘सेशन’चा पूर्ण तक्ता जपून ठेवा. नव्या सर्व्हरवर तेच करा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. तक्त्यात दोन रकाने असतात, लोकल आणि मास्टर. त्या पानाला प्रत्यक्षात लागू होतो तो लोकल.

टर्मिनलमध्ये ‘पीएचपी -आय’ चालवून मिळालेल्या आकड्यांवर विसंबू नका. उबुंटूवर कमांड लाइनची पीएचपी.आयएनआय वेगळी आणि एफपीएमची वेगळी असते, एक /ईटीसी/पीएचपी/८.३/सीएलआय मध्ये, दुसरी त्याच्या शेजारच्या एफपीएम फोल्डरमध्ये. अनेकजण सीएलआयची फाइल तासभर बदलत बसतात आणि साइटवर ढिम्म फरक पडत नाही. शिवाय एफपीएमच्या फाइलमध्ये बदल केला की एफपीएम रीस्टार्ट करावं लागतं, नुसता एनजिनएक्स रीस्टार्ट करून भागत नाही.

आणखी एक हमखास सापडणारी गोष्ट. जुन्या होस्टिंगवर कोणीतरी .एचटीअॅक्सेस फाइलमध्ये ‘पीएचपी_व्हॅल्यू’ लिहून सेशनची मुदत, कुकीचं डोमेन वगैरे ठरवलेलं असतं. एनजिनएक्स ती फाइल वाचतच नाही. चूक दाखवत नाही, कुठे नोंदही नाही. त्या ओळी नुसत्या निकामी होतात. त्या शोधून एफपीएमच्या पूल फाइलमध्ये (एफपीएम कोणत्या युजरने, कोणत्या सेटिंगांनी चालेल ते ठरवणारी फाइल) किंवा .यूजर.आयएनआय मध्ये न्या. दुसऱ्या फाइलमधला बदल लागू व्हायला ५ मिनिटं लागू शकतात, कारण पीएचपी ती ३०० सेकंद लक्षात ठेवतं.

पायरी २: मोजणीचं पान

अॅप्लिकेशनचा कोड मध्ये न आणता नुसतं सेशन तपासायचं. साइटच्या फोल्डरात एक छोटी फाइल करा. त्यात सेशन सुरू करा, सेशनमधला एक आकडा १ ने वाढवा, आणि तीन गोष्टी छापा: सेशनचा नंबर, तो आकडा आणि मशीनचं नाव. पान उघडून पाच-सहा वेळा रिफ्रेश करा.

आकडा १, २, ३ असा चढत गेला तर पीएचपीचं सेशन ठणठणीत आहे. दोष अॅप्लिकेशनच्या कोडमध्ये किंवा त्याच्या स्वतःच्या सेशन व्यवस्थेत आहे. आकडा कायम १ राहिला तर पुढे वाचा. आकडा मध्येच मागे येऊन पुन्हा चढत असेल आणि मशीनचं नावही बदलत असेल, तर विनंत्या दोन मशीनांवर वाटल्या जातायत; त्याचा परिच्छेद खाली आहे.

आकडा १ वर अडकलाय आणि नंबर दर वेळी नवा येतोय, असं दिसलं की नवखा माणूस लगेच म्हणतो, कुकी जात नाहीये. थांबा. ‘सेशन.यूज_स्ट्रिक्ट_मोड’ चालू असेल आणि खणच लिहिला जात नसेल, तरी हेच दिसतं. ब्राउझर जुना नंबर इमानेइतबारे परत देतो, पीएचपीला त्या नंबरचा खण सापडत नाही, म्हणून ते नवा नंबर देतं. तेव्हा पानावरच्या नंबरावरून निष्कर्ष काढू नका. क्रोममध्ये एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये दुसऱ्या रिफ्रेशची विनंती निवडा आणि विनंतीच्या हेडरमध्ये ‘कुकी’ ही ओळ आहे का ते बघा. ओळ नसेल तर पायरी ३. ओळ असेल आणि तरी आकडा १ असेल तर सरळ पायरी ४.

पायरी ३: बिल्ला परत येत नाही

आधी पहिल्या उत्तराच्या हेडरमध्ये ‘सेट-कुकी’ आहे का ते बघा. नसेल तर सर्व्हरने बिल्ला दिलेलाच नाही, आणि कारण बहुतेक वेळा एकच: सेशन सुरू होण्याआधीच काहीतरी मजकूर बाहेर पडला. जुन्या सर्व्हरवर ‘आउटपुट_बफरिंग’ ४०९६ होतं, म्हणून आधी पडलेला थोडाफार मजकूर पोटात ठेवला जायचा. नव्यावर ते बंद असलं की झाकलेली चूक उघडी पडते. मजकूर म्हणजे फार काही नसतं. फाइलच्या सुरुवातीची रिकामी ओळ, किंवा नोटपॅडने घातलेला बीओएम, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे ३ बाइट. एरर लॉगमध्ये ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ असा इशारा आणि बहुधा फाइलचं नाव व ओळही मिळते. बफरिंग चालू करून वेळ मारून नेता येते, पण बीओएम काढून टाकणं जास्त शहाणपणाचं.

‘सेट-कुकी’ आहे पण ब्राउझर ती ठेवत नाही, असं असेल तर क्रोम त्या ओळीशेजारी पिवळा त्रिकोण दाखवतो. त्यावर माउस नेला की कारण कळतं. डोमेन जुळत नाही, हे एक. कोडमध्ये जुनं डोमेन पक्कं लिहिलेलं असतं आणि चाचणी चालते आयपी पत्त्यावर किंवा तात्पुरत्या डोमेनवर. ब्राउझर अशी परकी कुकी घेत नाही. दुसरं, कुकीवर ‘सिक्युअर’ (फक्त एचटीटीपीएसवरच चालेल, ही खूण) आहे पण नव्या सर्व्हरवर एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट अजून बसवलेलं नाही आणि पान साध्या एचटीटीपीवर उघडलंय. तिसरं, ‘सेमसाइट’ची (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत कुकी जावी का ते ठरवणारी सेटिंग) किंमत ‘नन’ आहे आणि सोबत ‘सिक्युअर’ नाही.

हे तिसरं कारण लोड बॅलन्सर किंवा प्रॉक्सी (विनंत्या आधी घेऊन आतल्या सर्व्हरला देणारं मशीन) पुढे ठेवली की हटकून येतं. एचटीटीपीएस प्रॉक्सीपाशी संपतं आणि आतल्या सर्व्हरला विनंती साध्या एचटीटीपीने मिळते. कोड बघतो, एचटीटीपीएस नाही, आणि ‘सिक्युअर’ न लावता कुकी पाठवतो. प्रॉक्सीकडून ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हे हेडर पाठवा, आणि अॅप्लिकेशनला त्या ठरावीक प्रॉक्सीवर विश्वास ठेवायला सांगा. कोणाकडूनही आलेलं ते हेडर खरं मानू नका.

पेमेंटवरून परतताना लॉगिन जातं, ही तक्रार वेगळी ओळखा. ग्राहक पैसे भरून गेटवेच्या पानावरून तुमच्या साइटवर परत येतो तेव्हा ती पुष्कळदा दुसऱ्या साइटवरून आलेली पोस्ट विनंती असते, आणि ‘सेमसाइट’ची किंमत ‘लॅक्स’ असलेली कुकी अशा विनंतीसोबत जात नाही. २०२० मध्ये क्रोमने, कुकीवर ‘सेमसाइट’ लिहिलेलंच नसेल तर तिला लॅक्स धरायला सुरुवात केली. त्यात एक सवलत ठेवली: अशी कुकी दिल्यापासून २ मिनिटांच्या आत असेल तर वरच्या पातळीच्या पोस्टबरोबर ती जाऊ द्यायची. त्यामुळे चाचणी करणारा भराभर क्लिक करून दीड मिनिटात परत येतो, त्याचं सगळं चालतं. ओटीपीची वाट बघत बसलेल्या ग्राहकाचं मात्र लॉगिन जातं. ‘नन’ आणि ‘सिक्युअर’ लावून हे सुटतं. पण गेटवेचं परतीचं पान सेशनवर विसंबूच नये, हे जास्त बरं: ऑर्डर नंबरावरून डेटाबेसमधली नोंद उचलायची, गेटवेची सही तपासायची, आणि मग ग्राहकाला साध्या गेट विनंतीने पुढच्या पानावर पाठवायचं.

आणि काही जुन्या ग्राहकांनाच त्रास होतोय, नव्यांना नाही, असं असेल तर त्यांच्या ब्राउझरात एकाच नावाच्या दोन कुकी आहेत का ते बघा. एक जुनी, पूर्ण डोमेनची; एक नवी, फक्त डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची. ब्राउझर दोन्ही पाठवतो, पाथ सारखा असेल तर सहसा आधी तयार झालेली पुढे, आणि पीएचपी पहिली उचलतं. प्रत्येकाला कुकी साफ करायला सांगत बसू नका. नव्या सर्व्हरवर ‘सेशन.नेम’ बदला, दोन्ही कुकींची नावं वेगळी झाली की भांडण मिटलं.

पायरी ४: खण उघडत नाही

आता लॉग वाचायचा. उबुंटूवर पीएचपीच्या चुका बहुधा एनजिनएक्सच्याच एरर.लॉगमध्ये येतात. सेशनची फाइल उघडता आली नाही की ओळीच्या शेवटी कंसात एक आकडा असतो, आणि अर्धं निदान त्यातच असतं.

आकडा २ असेल तर फोल्डरच नाही. सीपॅनेलवरून (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) आलेल्या साइटींत कधी /व्हार/सीपॅनेल/पीएचपी/सेशन्स असा रस्ता कोडमध्येच लिहिलेला असतो; नव्या सर्व्हरवर ते झाड नसतंच. ती ओळ काढा आणि ‘सेशन.सेव्ह_पाथ’ला मूळच्या जागेवर येऊ द्या. डेबियन-उबुंटूवर ती /व्हार/लिब/पीएचपी/सेशन्स आहे.

आकडा १३ म्हणजे परवानगी नाही. वरच्या फोल्डरची मूळ परवानगी १७३३ असते, मालक रूट (सर्व्हरचा मुख्य युजर). म्हणजे कोणीही आत फाइल बनवू शकतो, पण आतली यादी वाचू शकत नाही. सेशनचा नंबर हीच किल्ली असल्यामुळे यादी लपवलेली बरी. ही परवानगी विचित्र दिसते म्हणून कोणी ती ७५५ करतं आणि त्या क्षणी सगळ्या साइटीचं लॉगिन बंद पडतं. ७७७ हा त्यावरचा उतारा नव्हे. १७३३ परत द्या. अल्मा किंवा रॉकी लिनक्सवर फोल्डर /व्हार/लिब/पीएचपी/सेशन असतं, गट अपाचे, परवानगी ७७०. तिथे एफपीएमच्या पूलचा युजर अपाचेऐवजी एनजिनएक्स केला की दार बंद. शिवाय तिथे सेव्ह_पाथ पूलच्या फाइलमध्येही लिहिलेला असतो आणि पीएचपी.आयएनआयवर मात करतो. परवानग्या बरोबर दिसतायत आणि तरी १३ येतोय, तर एसईलिनक्सचा (लिनक्सचा जादा सुरक्षा थर) लॉग बघा.

जुन्या सर्व्हरवरच्या सेस_ फाइली रूट होऊन कॉपी केल्या असतील तरीही १३ येतो. त्या फाइली ६०० परवानगीच्या आणि रूटच्या मालकीच्या झाल्या. वेब सर्व्हरचा युजर त्या उघडणार कशा? मालक बदलून चालेल. पण मुळात जुनी सेशनं नव्या घरी न्यायचा हट्ट कशाला? लोकांना एकदा पुन्हा लॉगिन करावं लागेल, इतकंच. रात्री हलवा आणि आधी सूचना लावा.

आकडा २८ म्हणजे डिस्क भरली. ‘डीएफ’मध्ये (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) जागा शिल्लक दिसत असली तरी ‘डीएफ -आय’ चालवा. लाखो चिमुकल्या सेशन फाइलींनी आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेले असू शकतात. ते का होतं, ते पायरी ६ मध्ये.

सेशन रेडिसमध्ये (मेमरीत माहिती ठेवणारा डेटाबेस) ठेवत असाल तर तीन गोष्टी बघा. पोर्ट ६३७९ ला अॅप्लिकेशन पोचतंय का. एसईलिनक्सवाल्या मशीनवर त्यासाठी ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट’ चालू लागतं. मेमरी भरल्यावर रेडिस काय करतं. धोरण ‘ऑलकीज-एलआरयू’ असेल तर ते न विचारता सेशन फेकून देतं. आणि कॅश व सेशन एकाच रेडिस डेटाबेसमध्ये आहेत का. असतील तर कोणी कॅशसाठी अख्खा डेटाबेस रिकामा केला की सगळे लॉगआउट.

पायरी ५: सामान आहे, पण ओळखू येत नाही

सेशन डेटाबेसच्या तक्त्यात ठेवणाऱ्यांनी हे नीट वाचावं, विशेषतः साइट मराठीत असेल तर. पीएचपी सेशनमधल्या प्रत्येक मजकुरापुढे त्याची लांबी लिहितं, आणि ती अक्षरांत नसते, बाइटमध्ये असते. ‘पुणे’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये प, उकार, ण, मात्रा असे ४ घटक, प्रत्येकी ३ बाइट, एकूण १२. खणात तो साधारण असा दिसतो:

शहर|एस:१२:"पुणे";

आता डेटाबेसचा डंप घेताना किंवा भरताना कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटमध्ये कशी लिहायची तो नियम) चुकला, लॅटिन१ धरला गेला, की तेच १२ बाइट पुन्हा एन्कोड होऊन दुपटीहून जास्त होतात. पुढचा आकडा १२ च राहतो. पीएचपी १२ बाइट मोजतं, तिथे अवतरण चिन्ह सापडत नाही, आणि ते पूर्ण सेशन नष्ट करतं. लॉगमध्ये ‘फेल्ड टू डीकोड सेशन ऑब्जेक्ट’ अशी ओळ येते. इंग्रजी नावाच्या ग्राहकाचं लॉगिन टिकतं, देवनागरीत नाव लिहिणाऱ्याचं जातं, असं दिसलं तर इथेच बघायचं. हलवून आणलेल्या जुन्या ओळी पुसून टाका. पण ताज्या सेशनलाही तेच होत असेल तर डेटाबेसच्या जोडणीचा कॅरेक्टर सेट तपासा. डेटाचा कॉलम टेक्स्टऐवजी ब्लॉब केलात तर डेटाबेस त्या बाइटना हातच लावत नाही. मायएसक्यूएलमध्ये साध्या ब्लॉबची मर्यादा ६५,५३५ बाइट आहे. सेशन मोठं असेल तर मीडियमब्लॉब.

त्याच तक्त्यात सेशन नंबराच्या कॉलमची रुंदीही मोजा. पीएचपीच्या सेटिंगप्रमाणे नंबर सहसा २६ अक्षरी असतो किंवा ३२ अक्षरी. जुन्या २६ साठी बनवलेल्या कॉलममध्ये ३२ चा नंबर टाकला आणि मायएसक्यूएल कडक मोडमध्ये नसलं, तर शेवटची ६ अक्षरं गुपचूप कापली जातात. लिहिणं यशस्वी, शोधणं कायम अयशस्वी.

वेळेचा घोळही इथलाच. जुन्या सर्व्हरवर पीएचपी आणि मायएसक्यूएल दोघंही भारतीय वेळेवर होते. नव्यावर मायएसक्यूएल भारतीय वेळेवर, पण पीएचपीचा टाइमझोन लिहायचा राहिला, म्हणून ते यूटीसीवर गेलं. दुपारी ४ वाजता कोणी लॉगिन केलं. पीएचपीच्या घड्याळात १०:३० झालेत. २ तासांची मुदत धरून ते १२:३० लिहितं. मायएसक्यूएल ‘नाऊ’शी ताडून बघतं: १६:००. मुदत आधीच संपलेली! साडेपाच तासांहून लहान असलेलं प्रत्येक सेशन जन्मतःच मेलेलं. हाच फरक उलटा पडला तर सेशन साडेपाच तास जास्त जगतं आणि तक्रार कोणी करत नाही. ते जास्त धोक्याचं. मुदत युनिक्स सेकंदांत, पूर्णांक म्हणून साठवा.

पायरी ६: थोड्या वेळाने हरवतं

लॉगिन होतं, काम चालतं, चहा घेऊन परत आलं की बाहेर. पीएचपीची ‘सेशन.जीसी_मॅक्सलाइफटाइम’ मुळात १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं असते. कोडमध्ये ‘आयएनआय_सेट’ने ती ८ तास केलेली असूनही डेबियन-उबुंटूवर हे होतं, कारण तिथे सफाई पीएचपी स्वतः करत नाही. ‘पीएचपीसेशनक्लीन’ नावाचा टायमर दर तासाला ९ व्या आणि ३९ व्या मिनिटाला उठतो, पीएचपी.आयएनआय मधली मुदत वाचतो आणि त्यापेक्षा जुन्या फाइली उडवतो. तुमच्या कोडमधली मुदत त्याला दिसतच नाही. मुदत एफपीएमच्या पीएचपी.आयएनआयमध्येच लिहा.

याची दुसरी बाजू: सेव्ह_पाथ कोडमध्ये किंवा पूलच्या फाइलमध्ये लिहून स्वतःच्या फोल्डरवर नेला तर हा टायमर तिथे फिरकत नाही, आणि पीएचपीची स्वतःची सफाई शून्यावर ठेवलेली असते. फाइली साठत जातात आणि काही महिन्यांनी २८ हा आकडा लॉगमध्ये उगवतो. असं वेगळं फोल्डर हवं असेल तर त्याच्या सफाईचा क्रॉनही (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) तुम्हीच लावायचा.

कंटेनरमध्ये साइट चालवत असाल तर प्रत्येक डिप्लॉयला जुना कंटेनर जातो आणि त्याच्या पोटातल्या सेशन फाइलीही जातात. तिथे फाइलींवर विसंबूच नये.

दोन मशीन असतील तर

चपला एका स्टँडवर ठेवल्या आणि बिल्ला दुसऱ्या स्टँडवर दाखवला, असं हे होतं. तात्पुरता इलाज म्हणून एनजिनएक्समध्ये ‘आयपी_हॅश’ लावला की एका पत्त्यावरचा माणूस एकाच मशीनकडे जातो. पण मोबाइलवर पत्ता मध्येच बदलला की पुन्हा तेच. कायमचा उपाय म्हणजे सेशन दोघांना दिसेल अशा रेडिसमध्ये किंवा डेटाबेसमध्ये. डीएनएस बदलल्यानंतरचे काही तासही खरं तर दोन मशीनांचेच असतात. टीटीएल (डीएनएसची नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) एक-दोन दिवस आधीच ३०० सेकंदांवर आणून ठेवा, नंतर आणून उपयोग नाही.

पुढे कॅश करणारा सर्व्हर किंवा सीडीएन असेल तर एक गोष्ट लगेच तपासा: ‘सेट-कुकी’ असलेलं उत्तर तो साठवत तर नाही ना? साठवत असेल तर एकाचा बिल्ला दुसऱ्याला मिळतो आणि ग्राहकाला परक्याचं खातं दिसतं. असं एकदा जरी दिसलं तरी साइट आधी बंद करा, कॅश रिकामी करा, चालू सेशनं पुसा, मग कारण शोधा.

लॅराव्हेल, जँगो

लॅराव्हेल कुकी अॅप_की या किल्लीने एन्क्रिप्ट करतं. .ईएनव्ही फाइल गिटमध्ये नसते, म्हणून नव्या सर्व्हरवर ‘की:जनरेट’ चालवलं जातं, आणि जुन्या सगळ्या कुकी निकामी होतात. एवढ्यावर थांबलं तर ठीक, लोक पुन्हा लॉगिन करतील. पण त्याच किल्लीने डेटाबेसमधले रकाने एन्क्रिप्ट केले असतील तर तेही उघडणार नाहीत. जुनी किल्लीच आणा. दोन मशीनांवर दोन किल्ल्या असतील तर फॉर्म भरताना ४१९ हा कोड येत राहतो. .ईएनव्हीमध्ये बदल करूनही फरक पडत नसेल तर कॉन्फिगची कॅश पुसा. जँगोत सीक्रेट_की बदलली की तसंच सगळे बाहेर पडतात, ४.१ पासून जुनी किल्ली ‘सीक्रेट_की_फॉलबॅक्स’मध्ये ठेवायची सोय आहे.

दुरुस्ती झाली की मोजणीचं पान पुन्हा चालवा, या वेळी मोबाइल डेटावरून आणि २४ मिनिटांहून जास्त थांबून. मग ते पान आणि पीएचपीइन्फोचं पान, दोन्ही सर्व्हरवरून पुसा.